रथसप्तमीपर्यंतच्या तारखा

सोलापूर, १८ जानेवारी २०२५

सुकन्या,

तुला माझा सलाम, आणि तुझ्या जाऊबाई बाळाबाईंनाही. पोह्यांच्या मोठ्या डब्यात पाकीट सापडलं म्हणून दचकू नकोस. फोन सोडून कागदावर का आले ते सांगते. बुकिंगचा फोन सुनेच्या हातात. माझ्या फोनवर बोलावं तर घर दोन खोल्यांचं, इकडे कुजबुजलं की तिकडे भाजीतली पळी थांबते. तुझा फोन बाळाबाई उचलतात. म्हणून गौसच्या टेम्पोतून डब्यांबरोबर ही चिठ्ठी. वाचून फाडून टाक.

विषय समराचा आहे.

आपला धंदा डब्यांचा कमी आणि तारखांचा जास्त, हे मी तुला टेंभुर्णीत पहिला डबा हातात दिला तेव्हापासून ऐकवत आलेय. एकीच्या घरी दहा-बाराजणी जमवायच्या, डबे दाखवायचे, घरवालीला भेट द्यायची, आणि उठायच्या आधी बसलेल्यांपैकी दोघींच्या घरच्या तारखा घ्यायच्या. एक तारीख मोडली की तिच्यामागे येणाऱ्या सगळ्या मोडल्या. त्यात हा संक्रांतीचा हंगाम. रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू, प्रत्येकीला वाण लुटायला लहान डब्या डझनांनी हव्यात. बायका आपण न बोलावता जमलेल्या. असे तीन आठवडे वर्षात पुन्हा नाहीत. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात मी सोलापूरच्या तारखा निळ्या शाईने आणि तुझ्याकडच्या लाल शाईने भरून टाकल्या होत्या. लाल चौकोन बघून मलाच बरं वाटायचं. धुळाभाऊ गेले तेव्हापासून तू घरात बसून होतीस. आमच्यात नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस घरात राहायचं, त्याला इद्दत म्हणतात. ती संपली की बाई मोकळी. तुझेही तेवढे दिवस भरले, आणि मी तुझा जानेवारी गच्च भरला. कामाने माणूस सावरतं. कासीम गेले तेव्हा मी तशीच सावरले.

तर समरा. परवा सकाळी म्हणाली, होटगीला जाते, अम्माला बरं नाही. मी म्हटलं जा. संध्याकाळी गौस माल उतरवताना सहज बोलून गेला, "हुस्नाआपा, तुमची सून मोडनिंबला काय करतीया? हायवेला उतरताना बघितली, हातात डब्यांची पिशवी होती." आता होटगी एका टोकाला आणि मोडनिंब दुसऱ्या. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. रात्री तिच्या पर्समध्ये हात घातला (घातला, लपवत नाही) तर तिळगुळाची पुडी आणि वाणातला कंगवा. होटगीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तिच्या अम्माने हळदीकुंकू केलं असेल, असं मी समजायचं का?

मला ईरम्माची आठवण झाली. तिला मी शिकवलं, बोलायला, झाकण लावायला, तारखा घ्यायला. एक दिवस माझ्या तारखा घेऊन दुसऱ्या कंपनीत गेली. समरा तिच्याच वाटेने निघाली असेल तर तिचा पहिला घाव तुझ्या तारखांवर पडणार, कारण मोडनिंब तुझं आहे. तुझ्या पार्ट्यांना नेहमीएवढ्या बायका येतात ना? कोणी तारीख फिरवली का? खरं ते लिही.

तुझी,
हुस्ना


टेंभुर्णी, २० जानेवारी

हुस्नाआपांना सुकन्याचा नमस्कार.

पाकीट मिळालं. फाडलं नाही, चुलीत घातलं.

आपा, तुम्ही उगीच जिवाला त्रास करून घेता. इकडे सगळं व्यवस्थित आहे. पार्ट्या ठरल्याप्रमाणे होत आहेत, बायका भरपूर येतात. ऑर्डरी सोबत पाठवल्या आहेत. लहान डब्या कमी पडत आहेत, पुढच्या खेपेला जास्त पाठवा.

समरा गुणाची पोरगी आहे. ती होटगीलाच गेली असेल. गौस टेम्पो चालवताना रस्ता बघतो की बायका बघतो? आणि बदामी बुरखे काय एकट्या समराकडे आहेत? तिळगूळ शेजारचं कोणीही देतं. तिला काही विचारू नका. नव्या सुनेला एकदा चोर म्हटलं की ते घरातून जात नाही.

माझं बरं चाललंय. शेरडांना बघायला दीर आहेत. सकाळ जाते, संध्याकाळ जायला वेळ लागतो. तुम्ही आठवण ठेवून काम दिलंत, ते मी विसरणार नाही. एवढंच म्हणते की या हंगामात तुम्ही शहरातलं बघा, इकडची काळजी सोडा.

तुमची,
सुकन्या


सोलापूर, २२ जानेवारी

सुकन्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा खटकलं. तिसऱ्यांदा एका शब्दावर बोट ठेवलं.

मी तुला लिहिलं होतं की गौसने समराला पाहिलं. बुरख्याचा रंग लिहिला नव्हता. समराचा जुना बुरखा काळा, तोच तू पाहिला आहेस. बदामी तिने याच महिन्यात शिवला. मग तुला रंग कोणी सांगितला?

आता मी काय समजू? मी दूधवाल्याचं मापसुद्धा डोळ्यांसमोर घेणारी बाई. पण तुझ्याकडे कधी वाकून बघितलं नाही. आपण टेंभुर्णीत एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे वाढलो. तुमच्या घरातलं ताक आमच्या घरात आणि आमचा शीरखुर्मा तुमच्या घरात. तू मला फसवशील हे मनात आणतानाही लाज वाटते, पण आलंय खरं.

ऑर्डरी पुन्हा काढून बघितल्या. तू मोठे डबे विकणारी. धान्याचा, पिठाचा, पोह्यांचा. मसाल्याचा डबा तुझ्याकडून कधी खपला नाही, तूच म्हणायचीस, "आपा, त्यो लई नाजूक हाय, माज्या हातात शोभत न्हाय." आणि या ऑर्डरींत मसाल्याचेच डबे. तो कोण विकतं ते मला माहीत आहे. माझ्या घरात बसून विकायला शिकली ती.

म्हणजे ती तुझ्या तारखांना जाते आणि तुला ते ठाऊक आहे. तुम्ही दोघी मिळून ईरम्माच्या कंपनीत चालला आहात का? की समराने तुला कशात धरून गप्प केलंय? तसं असेल तर घाबरू नकोस, सांग. अतीकला मी बोलून ठेवलंय, रथसप्तमी झाली की बायकोला होटगीला सोडून ये, मी बोलावीन तेव्हाच आण. तो मान खाली घालून जेवला. आईपुढे बोलत नाही आणि बायकोपुढेही नाही, असा मुलगा माझ्या नशिबी.

२७ तारखेला मोडनिंबला शिवबाईंकडे तुझी पार्टी आहे. मी येते. बघू कोण कोण भेटतं.

हुस्ना


टेंभुर्णी, २४ जानेवारी

हुस्नाआपांना नमस्कार.

तुम्ही असं लिहाल असं वाटलं नव्हतं. ईरम्माला मी ओळखतसुद्धा नाही. मला कोणी धरलेलं नाही. तुमचं मीठ मी विसरलेली नाही, आणखी काय लिहू?

बुरख्याचं म्हणाल तर गौसच बोलला असेल, आठवत नाही.

२७ ला येऊ नका. शिवबाईंच्या भावकीत मयत झाली, त्यांच्या घरी सुतक आहे. पार्टी पुढे गेली. नवी तारीख कळवते. उगीच हेलपाटा होईल.

आपा, हात जोडते, समराला होटगीला धाडू नका. तिच्यावर राग काढण्यासारखं तिने काही केलेलं नाही. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

सुकन्या


सोलापूर, २८ जानेवारी

सुकन्या,

मी मोडनिंबला गेले होते.

तुझं पत्र आल्यावर गौसला सांगितलं, जाता जाता शिवबाईंच्या घरावरून जा. तो येऊन म्हणाला, "सुतक कुटलं आलंय? दारात चुना मारत्यात, मांडव घालत्यात." तेव्हा मी ठरवलं. सोमवारी सकाळी समरा परत होटगीच्या नावाने निघाली, आणि तिच्यामागे दुसऱ्या एसटीने मी. वाटेत मनातल्या मनात भांडण पाठ करत होते. कोणाला आधी बोलायचं, कोणाला नंतर, सगळं जुळवलं होतं.

शिवबाईंच्या सोप्यात बायका दाटीने बसलेल्या. डोक्यात गजरे, नव्या साड्यांना घडीचा वास. मधे माझी सून. डब्यात पाणी भरून, झाकण दाबून, शिवबाईंच्या मांडीवर तो उलटा धरलेला. एक थेंब सांडला नाही. बायका हसत होत्या. अगदी मी करते तसं करत होती, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

मी दारातूनच ओरडले, "ही तारीख माझ्या सुकन्याची हाय! तिच्या जागेवर बसून तू कुणाचा माल विकतीस गं?"

समराने डबा हळूच सरळ केला. शिवबाई उठल्या, माझा हात धरला.

"हुस्नाबी, आदी बसा. पाणी घ्या. पोरीला कशाला बोलता? सुकन्याला आमीच नगं म्हनलं."

"का? काय केलं तिनं?"

"अवो, हळदीकुंकू हाय आज. नवरा जाऊन वरीस न्हाय झालं. सवाष्णींच्यात तिला कसं बसवायचं? माज्या मनात काय न्हाय, पर सासूबाई हायती, भावकी हाय. रथसप्तमी होऊ द्या, मग येऊ दे की खुशाल. तवर ही येतीया, लई ग्वाड पोरगी."

मी म्हटलं, "कासीम जाऊन इतकी वरसं झाली. मला दर संक्रांतीला कशा बोलावता?"

सगळ्याजणी हसल्या. वाईट हसू नव्हतं ते, तेच तर. शिवबाई म्हणाल्या, "तुमचं न्यारं हाय की. तुमाला कुटं कुंकू लावायचंय?"

सुकन्या, किती हळदीकुंकवांत मी बसले. करंडा फिरत फिरत यायचा आणि मला ओलांडून पुढे जायचा. मुसलमान म्हणून ओलांडतात, हे धरूनच मी बसायचे, वाण घ्यायचे, डबे विकायचे. माझं विधवापण तिथे कोणाला दिसलंच नाही. आणि करंडा आणखी कोणाला ओलांडून जातो, कोण मुळात सोप्यात दिसतच नाही, हे मी एकदाही बघितलं नाही. माझ्या इद्दतीचा हिशेब तुला लावला आणि नेमक्या याच तीन आठवड्यांत तुला घरोघर पाठवलं. लाल शाईने.

वर दारात उभं राहून तुझं नाव घेतलं. जे तुम्ही दोघींनी झाकून ठेवलं होतं ते मी भर सोप्यात उघडं केलं. आता मोडनिंबभर झालं असेल. मला माझीच लाज वाटते आहे.

एसटीत समरा माझ्याशेजारीच बसली. घरी आल्यावर बुकिंगचा फोन माझ्यापुढे ठेवला, पिशवी भरली आणि अतीकला म्हणाली, होटगीला सोडा. या खेपेला खरोखर होटगीला.

मी काल बसून कॅलेंडरातली लाल शाईची प्रत्येक तारीख खोडली. रथसप्तमीच्या आधीचीही आणि नंतरचीही. ज्या घरात तुला बसायला जागा नाही त्या घरात माझा डबा जाणार नाही. त्या बायकांना फोन करून तसं सांगितलंसुद्धा. तू आता आराम कर.

हुस्ना


टेंभुर्णी, ३० जानेवारी

हुस्नाआपांना नमस्कार.

शिवबाईंचा फोन आला होता, तुमच्या पत्राच्याही आधी. तेव्हा सगळं कळलंच होतं. आता लपवायला काही उरलं नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

पहिली पार्टी इथेच, टेंभुर्णीत होती. घरवालीने मला दारातून थेट स्वयंपाकघरात नेलं. म्हणाली, "सुकन्याताई, तुमी हितंच बसा, डबे मी न्हेऊन दावते." चांगली बाई आहे, चहा आधी मला दिला. डबे सोप्यात गेले, आणि झाकणांची पिशवी माझ्या मांडीवरच राहिली. मग आतून हाका, "ह्याचं झाकण? त्या निळ्याचं झाकण?" मी एकेक झाकण उंबऱ्यावरून पुढे करत होते आणि ती ते घेऊन जात होती. डबा उलटा करताना बायका ओरडल्या ते मला ऐकू आलं. मी दहा वर्षं करते ते काम, आणि त्या दिवशी फक्त झाकणं दिली.

घरी येऊन तुम्हाला फोन लावला, तारखा पुढे ढकला म्हणायला. बुकिंगचा नंबर, समराने उचलला. मी रडत नव्हते, पण तिला कळलं. तीच म्हणाली, मावशी, रथसप्तमीपर्यंत मी जाते, विक्री तुमच्या नावावर लावते, नंतर तारखा तुमच्याच. पार्टी झाली की ऑर्डरी द्यायला माझ्या घरी यायची, बदामी बुरखा मी तेव्हाच पाहिला. मी तिला शपथ घातली की अम्मीला सांगायचं नाही. तुम्हाला कळलं तर तुम्ही एकेकीच्या दारात जाऊन भांडाल आणि सगळ्या तारखा मोडून टाकाल, ही भीती होती. तुम्ही अगदी तेच केलंत.

सुतकाचं मी खोटं लिहिलं. त्याची माफी मागते. बाकीच्याची मागत नाही.

आपा, आता रागावलेय ती मी आहे. तुम्ही माझा जानेवारी भरलात तेव्हा मला विचारलं नाहीत. मायेने भरलात, म्हणून मी गप्प बसले. आता खोडलात तेव्हाही विचारलं नाहीत. हेही मायेनेच, मला कळतं. पण दिवस माझे होते ना? शिवबाईंना माझ्यासाठी तोडलंत. शिवबाईंच्या घरी मला जायचं आहे. तिथे सोप्यात बसून मसाल्याचा डबासुद्धा विकून दाखवायचा आहे. भांडायचं असेल तर माझं मी भांडेन, नाही तर नाही भांडणार. "आराम कर" म्हणजे काय? स्वयंपाकघरात बस, असंच ना?

तेव्हा हे करा. आधी होटगीला जा आणि समराला आणा. मग मोडनिंबच्या बायकांना तुम्हीच फोन करा आणि तारखा परत मागा. रथसप्तमीच्या आधीच्या समराच्या, नंतरच्या माझ्या.

आणखी एक. रथसप्तमीला, मंगळवारी, ४ तारखेला माझ्या घरी पार्टी ठेवली आहे. हळदीकुंकू नाही. करंडा मांडणार नाही, डबे मांडणार. शिवबाईंना बोलावलंय. ती झाकणवाली बाई, तिलाही. येतील त्या येतील. बाळाबाईंनी आधी तोंड वाकडं केलं, मग अर्ध्या तासाने विचारलं, "दूध किती लागंल?"

तुम्ही या. पण पिशवी घेऊन येऊ नका.

सुकन्या


सोलापूर, २ फेब्रुवारी

सुकन्या,

तुझं पत्र वाचून आधी राग आला. मला ओळखतेस, तेव्हा हे लपवण्यात अर्थ नाही. पोळी तव्यावर करपली तोवर मी मनात तुझ्याशी भांडत होते. मग दुसरी पोळी टाकताना भांडायला काही उरेना.

होटगीला जाऊन आले. समराची अम्मा ठणठणीत आहे, मला बसायला खुर्ची दिली आणि आत निघून गेली. समरा तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, चुकलं माझं. तिने एक खडा बाजूला काढला. मग मी विचारलं, तू माझ्याशी एवढं खोटं कसं बोललीस? तेव्हा म्हणाली, "अम्मी, डब्बे तो मैंच भरती थी. पोहे के डब्बे में आपका पाकीट दिखता था मेरेकू. कभी खोली नै."

मी तिची पर्स उघडली होती, सुकन्या. आणि ती दर खेपेला माझं पाकीट डब्यात तसंच ठेवून वर झाकण लावत होती. मला तिथे रडू आलं. तिच्या अम्माच्या घरात, खुर्चीवर. समराने ताट बाजूला ठेवलं आणि पाणी आणून दिलं. संध्याकाळी माझ्याबरोबर घरी आली. अतीकने आम्हा दोघींना एकदम आत येताना पाहून आधी टीव्ही बंद केला.

बुकिंगचा फोन आता तिचाच. मोडनिंबला मात्र तू सांगितल्याप्रमाणे मीच फोन केले. शिवबाई म्हणाल्या, "तारीक देते की, पर तुमी वरडू नगा." दोघींनी साफ नाही म्हटलं. त्या दोन तारखा गेल्या त्या माझ्यामुळे गेल्या, तुझ्या खात्यावर लावू नकोस. बाकीच्या मिळाल्या. समराने कॅलेंडरात पेन्सिलीने लिहिल्या आहेत. म्हणाली, मावशीला विचारल्याशिवाय शाई नाही.

४ तारखेचा चौकोन मी मोकळाच ठेवलाय. तो तुझा आहे. मी पाहुणी म्हणून येते, रिकाम्या हाताने, आणि तोंड बंद ठेवायचा प्रयत्न करते.

किती वाजता येऊ ते समराच्या फोनवर सांग. आणि कुठे बसायचं तेही तूच सांग.

हुस्ना